आधी सोडा, मग मोजा

रेवतीचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर ग्रॅनाइटच्या टेबलावर एक जॉब, म्हणजे यंत्रावर कापलेला धातूचा भाग, होता आणि त्याची निम्मीच मापं घेऊन झाली होती. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी "सरी" म्हटलं... आमच्या बंगळूरच्या मराठीत 'बरं' म्हणायच्या जागी हा कन्नड शब्द इतका मुरलाय की अशा वेळीही तोच तोंडातून निघाला. फोन ठेवला आणि उरलेली मापं घेतली. कागदावर आकडे लिहिले, सही केली, जॉब पुसून ट्रेमध्ये ठेवला आणि मग कुठं खुर्चीवर बसले. कोणी म्हणेल, काय बाई ही! पण अर्धवट मोजलेला जॉब टाकून मी उठले असते तर ते इंदक्काला मुळीच आवडलं नसतं. तिला जाऊन आता पाच आठवडे होतील. इतक्या दिवसांनी लिहायला बसलेय तेसुद्धा रेवतीनं सांगितलं म्हणून. ती म्हणाली, "मावशी, आई नेमकं काय करायची ते फक्त तुम्हालाच नीट माहिती आहे."

इंदक्का म्हणजे इंदुमती शिंत्रे. बंगळूरबाहेर आनेकलजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात ती सेटर होती आणि मी इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार झालेल्या वस्तू मोजून पास-नापास करायला. तिनं लावायचं आणि मी मोजायचं, असं आमचं वीस-बावीस वर्षं चाललं. सेटर म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही, कारण तिच्या नात्यातल्या माणसांनाही ते कधी धड कळलं नव्हतं. यंत्रावर धातूचा तुकडा कापायचा तर आधी तो घट्ट धरावा लागतो. सैल धरला तर उडतो, माणसाला लागतो. फार आवळला तर वाकतो. हे वाकणं डोळ्यांना दिसत नाही, केसाच्या जाडीच्या एखाद्या हिश्श्याएवढं असतं, पण दवाखान्यातल्या यंत्रात बसणाऱ्या भागाला तेवढंही चालत नाही. तुकडा कुठं टेकवायचा, कुठून दाबायचा, किती दाबायचा, हे ठरवून यंत्रावर सगळी मांडणी करून देतो तो सेटर. मांडणी नीट झाली की पुढं बटण दाबायला कोणीही चालतं, आणि ती चुकली तर कितीही भारी यंत्र असलं तरी उपयोग नाही.

पण ती आमच्याकडे आली ती सेटर म्हणून नव्हे. निपाणीजवळचं तिचं गाव. नवरा, दत्तूभाऊ, आनेकलच्या एका कंपनीत गाडी चालवायला लागला म्हणून ही दोन वर्षांच्या रेवतीला घेऊन इकडे आली आणि आमच्याकडे बर काढायला लागली. कापलेल्या धातूच्या कडेला बारीक धारदार कंगोरा राहतो, त्याला बर म्हणतात. कानस घेऊन दिवसभर तो घासायचा. कारखान्यातलं सगळ्यात खालचं काम. मी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला तो पाठमोरी असताना. कोणीतरी काहीतरी विचारलं आणि मागून उत्तर आलं, "मी बघतो की!" मी वळून पाहिलं तर नऊवारीतून नुकतीच पाचवारीत आलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. त्यांच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला हसू आलं. तिनंही माझं बोलणं ऐकलं, "स्वल्प थांबा, ऊट झालं की बघते," आणि ती कानस खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "ऊट म्हंजे जेवण न्हवं? मग जेवण म्हणा की. हे कसलं मराठी वो तुमचं?" मी म्हटलं, "आमचं साडेतीनशे वर्षांचं आहे. बळेपेटेतलं." आमचे पूर्वज तेव्हा बंगळूरच्या त्या जुन्या पेठेत आले आणि इथलेच झाले. ती म्हणाली, "तरीच शिळं झालंय!" कारखान्यात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, आणि दोघींना एकमेकींचं मराठी कळायला महिनाभर गेला.

आता ती रिंगांची गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे, म्हणून ती मीच सांगायला हवी. अॅल्युमिनिअमच्या पातळ रिंगा होत्या, कुठल्याशा पंपात बसणाऱ्या. आमच्या लेथवर, म्हणजे जॉब गरगर फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, त्या बाहेरून तीन जॉमध्ये धरायच्या, म्हणजे तीन लोखंडी बोटांच्या चिमटीत, आणि आतून गोल कापायच्या. मी प्रत्येक रिंग आतून मोजली होती, एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत, आडवी, उभी, तिरकी. सगळी मापं बरोबर. सही करून माल पाठवला आणि आठवड्यानं सगळाच्या सगळा परत आला. सोबत पत्र होतं, रिंगा गोल नाहीत. आमचे मालक मूर्ती सर स्वतः यंत्रावर हात काळे करून वर आलेले. त्यांनी मला बोलावलं, मी त्यांच्यासमोर पुन्हा मोजलं, पुन्हा बरोबर. "त्यांचंच मोजायचं यंत्र बिघडलंय सर," मी छातीठोकपणे सांगितलं. माझ्या शब्दावर ते गिऱ्हाइकाला कडक उत्तर लिहायला बसले.

दुपारी इन्स्पेक्शनच्या दाराशी इंदक्का उभी. आतली हवा थंड आणि धूळ नको, म्हणून बर काढणाऱ्यांना आत यायला बंदी. ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "सरोजाबाई, जरा भाईर येताय?" तिच्या हातात एक रिंग होती आणि एक गोल गुळगुळीत पोलादी प्लग. बर पुरता निघाला का हे बघायला ती रिंग त्या प्लगवर चढवून बघायची. अडकली तर अजून घासायची. तिनं रिंग प्लगवर चढवली आणि खिडकीकडे धरली. "बघा. तीन जागी फटीतनं उजेड येतोय. आणि भाईरनं जॉच्या खुणा बघा. तीनच. जिथं भाईर खूण हाय तिथंच आत उजेड हाय. मी वीस रिंगा बघितल्या, समद्यांना तसंच."

मला एका क्षणात सगळं समजलं आणि त्याच क्षणी रागही आला. जॉच्या बोटांनी बाहेरून दाबलं की पातळ रिंग त्या तीन जागी आत दबते. दबलेली असतानाच ती आतून गोल कापली जाते. जॉ सोडले की दबलेल्या जागा परत बाहेर उसळतात, आणि गोल रिंग तिकोनी होते. आणि गंमत अशी की एका बाजूला ती फुगलेली असते तेव्हा बरोबर समोरच्या बाजूला दबलेली असते. त्यामुळे माझ्यासारखं टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर कुठूनही मोजा, आकडा तोच येतो. डिप्लोमाच्या पुस्तकात हे होतं. मी परीक्षेत लिहिलंही होतं. आणि मला ते दाखवत होती सातवीपर्यंत शिकलेली, हातात कानस घेतलेली बाई. मी म्हटलं, "हे तुमचं काम नाही. तुम्ही तुमचं काम करा." हे वाक्य आजही आठवलं की अंगावर शहारा येतो. ती चिडली नाही. "व्हय, न्हाई माझं काम," ती म्हणाली. "पर सर पत्र धाडणार म्हणत हुते, म्हणून सांगितलं." रिंग आणि प्लग उंबऱ्यावर ठेवून ती गेली.

मी ती रिंग प्लगवर चढवून पुन्हा खिडकीकडे धरली. मग मूर्ती सरांकडे गेले. पत्र लिहून झालं होतं. मी म्हटलं, "पाठवू नका. रिंगा खरंच गोल नाहीत. चूक माझी आहे." सरांनी पत्र बाजूला केलं. रागावले नाहीत, पण एकच प्रश्न विचारला, "कुणी पकडलं?" मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी दिलेलं सगळ्यात चांगलं उत्तर ते असेल. मी म्हटलं, "बर काढणाऱ्या इंदक्कानं."

सरांनी तिला बोलावलं. तेव्हाचा सेटर तिथं होता, एक-दोन ऑपरेटर होते. सरांनी कन्नडमध्ये विचारलं, "तुला काय वाटतं, ही रिंग कशी धरावी?" ती आधी लाजली. मग हातातली काचेची बांगडी काढली आणि तीन बोटांच्या चिमटीत धरली. "अशी दाबली तर पिचंल," ती म्हणाली. आणि मग सगळी मूठ तिच्याभोवती वळवून, "अशी चारीकडनं धरली तर न्हाई." सेटर हसला, म्हणाला, आता बांगडीवाली आम्हाला शिकवणार. सर हसले नाहीत. त्यांनी मऊ धातूचे रुंद जॉ बनवून घेतले, रिंगेच्याच गोलाईत आतून कापले, की तिन्ही मिळून रिंगेला जवळजवळ पूर्ण वेढा घालतील. पुढच्या रिंगा प्लगवर चढवून मी खिडकीपाशी नेल्या. एकीतूनही उजेड आला नाही. दुसऱ्या दिवसापासून इंदक्का सेटरची मदतनीस झाली, आणि मी तिला दुपारच्या सुट्टीत ड्रॉइंग वाचायला शिकवू लागले.

ती भराभर शिकली असं मी म्हणणार नाही. दशांश चिन्हानं तिला रडवलं. शून्य पूर्णांक शून्य दोन आणि शून्य पूर्णांक दोन यात फरक काय, हे तिला पटवता पटवता मी दोनदा वही फेकली होती. पण एकदा पटलं की ते हाडात उतरायचं. आणि काही गोष्टी तिच्याजवळ होत्या त्या मला कोणी शिकवल्या नव्हत्या. जॉब हलतो का ते बघायला डायल लावतात, लहान घड्याळासारखा, त्याची सुई मायक्रॉनभर हालचालही दाखवते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सगळे सेटर डायल लावत, पण बोल्ट आवळून झाल्यावर. इंदक्का आवळायच्या आधीच लावायची, आणि एका हातानं पान्हा फिरवताना डोळे सुईवर. सुई हलली की थांबायची, बोल्ट सोडायची, खालचा आधार नीट करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. "आवळताना सुई का हलावी?" ती म्हणायची. "हलली म्हंजे जॉब वाकतोय. त्येला नीट बसायला जागा दिली न्हाई आपण." आणि कापून झाल्यावर, जॉब यंत्रावर आवळलेला असताना घेतलेल्या मापावर ती कधीच विश्वास ठेवायची नाही. "आधी सोडा, मग मोजा." ऑपरेटर लोक तिची नक्कल करायचे, तिच्या निपाणीच्या कन्नडमध्ये. पण करायचे तसंच.

ती गोड स्वभावाची नव्हती, हेही लिहायला हवं. कोणी तिच्या मांडणीला हात लावला तर ती तोंडानं सालटी काढायची. पुढं तो जुना सेटर सोडून गेला आणि ती सेटर झाली, तेव्हा दोन ऑपरेटरनी बाईच्या हाताखाली काम करणार नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "नका करू. माझ्या हातानं लावलेला जॉब नापास झाला तर सांगा, मी कानस घेतो परत." एकजण गेला, दुसरा राहिला आणि तिचा उजवा हात झाला. माझ्याशीही ती एकदा महिनाभर बोलली नव्हती. मी तिचे सहा जॉब नापास केले होते, आणि तिचं म्हणणं, माझंच मोजणं चुकलंय. आम्ही एकाच बाकावर डबा खायचो, मध्ये जागा सोडून. एका सोमवारी ती गावाहून आली, माझ्यासमोर गोकाकच्या करदंटाचा, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याच्या मिठाईचा, डबा ठेवला आणि म्हणाली, "धर. चीप हुती खाली." म्हणजे आधाराखाली धातूचा बारीक कीस अडकला होता आणि जॉब तेवढा तिरका बसत होता. बाईनं महिनाभर शोधून तो पकडला होता. माफीबिफी काही नाही. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा 'सरू' म्हणाली, आणि मग ते तसंच राहिलं.

आणि मग तो दिवस, ज्याच्याबद्दल मी भेटेल त्याला सांगत असते. दवाखान्यातल्या एका यंत्राचं बाहेरचं कवच बनवायचं काम आमच्याकडे आलं. ओतीव अॅल्युमिनिअमचं, सुपाएवढं, पातळ भिंतींचं. आमच्या कारखान्यानं तोवर केलेलं सगळ्यात मोठं काम. ते धरायचं फिक्स्चर, म्हणजे ते बसवायचा साचा, गिऱ्हाइकानंच बनवून आणलं होतं, चांगलं चकचकीत, खाली चार आधार आणि चार कोपऱ्यांवर वरून आवळून धरणारे चार क्लॅम्प. पहिला नमुना बघायला त्यांचे दोन तरुण इंजिनिअर आले होते. त्यातला एक पुण्याचा मुलगा, कपिल. तो दिवस निभावला नाही तर काम हेब्बाळकडच्या एका कारखान्याला जाणार, हे मूर्ती सरांनी आम्हाला सकाळीच सांगितलं होतं. जॉब कापून झाला. यंत्राच्या आतच मापं घेतली, पडद्यावर सगळे आकडे हिरवे. फक्त सेटरची सही व्हायची होती, मग फोटो, मग मिठाई. इंदक्कानं पेन घेतलं नाही. म्हणाली, "आधी सोडा."

कपिलला मराठी बोलणारं कोणी भेटल्याचा आनंद झाला होता. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "काकू, रिपोर्ट बघा ना, सगळं टॉलरन्समध्ये आहे. पुन्हा काढून मोजण्यात दोन तास जातील, आमची फ्लाइट आहे."

"तुमी जावा बाबा. जॉब ऱ्हाऊ दे."

मूर्ती सर तिच्याजवळ आले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी काही चुकीचं करायला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते हळू आवाजात म्हणाले, "इंदक्का, सही करून टाक. काही असलं तर नंतर बघू." मी शेजारीच उभी होते. ती म्हणाली, "सर, सही माझीच हाय न्हवं? मग न्हाई करत." सरांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, मग ऑपरेटरला मान हलवून खूण केली, सोड.

चार क्लॅम्प सुटले. मी कवच उचलून माझ्या टेबलावर आणलं. मला आठवतं, मी मनातल्या मनात देवाला सांगत होते, आज तिचं चुकू दे, काम हातचं जाऊ नये. आणि त्याच वेळी सांगत होते, तिचं चुकू नये. वरचा सपाट पृष्ठभाग पंधरा मायक्रॉनपेक्षा जास्त वाकडा चालणार नव्हता. मी तीनदा मोजलं. चाळीस. मी तो आकडा मोठ्यानं वाचला. दुसरा इंजिनिअर म्हणाला, मटेरियलमध्ये दोष असेल. इंदक्का कपिलकडे वळली.

"गावाकडं तीन दगडांची चूल बघितलीस कधी?"

"हो, आजोळी."

"चौथा दगुड का ठेवत न्हाईत?"

तो विचारात पडला. ती म्हणाली, "चार ठेवले तर भांडं डुगडुगतं. येक दगुड कायम अधांतरी. तुमी जॉब चार पायांवर बसवलाय. वतीव माल, खालनं सपाट कसा आसंल? येक कोपरा अधांतरी हुता. वरनं आवळलं, टेकला. तसाच कापला. सोडला, उठला परत." कपिलनं खाली वाकून फिक्स्चरकडे पाहिलं. मग बाह्या दुमडल्या आणि विचारलं, "काकू, काय करायचं सांगा."

तिनं एक आधार काढून टाकला. उरलेले तीन सरकवून बरोबर क्लॅम्पच्या खाली आणले, की वरून जिथं दाब तिथंच खालून टेकू. चौथ्या कोपऱ्याखाली लहानसा स्क्रूचा टेकू ठेवला, डायल लावला आणि तो टेकू बोटानं फिरवत वर आणला. सुई जराशी थरथरली. तिथंच थांबून मागं एक अंश फिरवला आणि हलणार नाही असा पक्का केला. नुसता शिवलेला, उचललेला नाही. मग क्लॅम्प आवळले, आणि आम्ही सगळे त्या सुईकडे बघत होतो. ती हलली नाही. फ्लाइट गेली. संध्याकाळी चारच्या सुमारास दुसरा जॉब सुटून माझ्या टेबलावर आला. मी आधी हात पुसले. मापलं. "नऊ," मी म्हटलं. आणि मग माझा आवाजच फुटला, "नऊ, इंदक्का!" तिनं पेन मागितलं. जाताना कपिलनं विचारलं, "काकू, तुम्ही हे कुठं शिकलात?" ती म्हणाली, "कानशीवर." ते काम आमच्याकडेच राहिलं, अजून आहे. आणि मूर्ती सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "काल मी सही कर म्हटलं होतं, ते विसर." ती म्हणाली, "कवाच इसरलो."

रेवतीच्या साखरपुड्याची आठवण इथंच सांगते. सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. मुलगा रेवतीच्याच ऑफिसातला, माणसं चांगली. मुलाच्या आत्यानं सहज विचारलं, "विहीणबाई काय करतात?" दत्तूभाऊ घाईनं म्हणाले, "कंपनीत आहेत." इंदक्कानं हात पदराखाली घेतले. तेलानं काळी पडलेली नखं तिनं सकाळपासून लिंबू लावून घासली होती, तरी निघाली नव्हती. रेवतीनं ते पाहिलं. ती उठून आईशेजारी येऊन बसली, पदराखालचा हात बाहेर काढून आपल्या हातात घेतला आणि आत्याला फोनवर त्या दवाखान्यातल्या यंत्राचं चित्र दाखवलं. "याचं हे बाहेरचं कवच आहे ना, ते माझी आई लावते. तिनं लावून दिल्याशिवाय ते कापता येत नाही." आत्यांना कितपत समजलं कोण जाणे. पण इंदक्कानं तो हात नंतर पदराखाली घेतला नाही. जेवणं होईपर्यंत तसाच मांडीवर, उघडा.

दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं कामातून गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टर म्हणाले, घरी बसा. ती उरलेल्या दिवशी कारखान्यात यायची. पान्हा फिरवायची ताकद नव्हती, म्हणून सरांनी यंत्राजवळ तिला खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसून तिनं चार मुली तयार केल्या. त्यातली शिल्पा आनेकलचीच, पहिल्या दिवशी पान्हा बघूनही घाबरलेली. तिच्यावर इंदक्का कन्नडमध्ये ओरडायची, "सुईकडे बघ, माझ्या तोंडाकडे नको!" मी इंदक्काला शेवटची भेटले ती त्यांच्या घरी, एका रविवारी. बोलताना दम लागत होता. म्हणाली, "सरू, पोरींना नुसतं नापास सांगू नको. का नापास, त्ये सांग. मला तू कधी सांगायची न्हाईस." मी म्हटलं, "तू सांगू कुठं द्यायचीस? आधी भांडायचीस." ती हसली, खोकला आला, पाणी दिलं. दत्तूभाऊंनी चहा केला. मग आम्ही टीव्हीवर काहीतरी चालू होतं ते बघत बसलो... जाताना म्हटलं, येते पुढच्या रविवारी.

तेराव्यानंतर सरांनी तिचं कपाट उघडायला मला आणि शिल्पाला सांगितलं. आत शिस्तीत लावलेले जॉ आणि टेकू, प्रत्येक जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, आणि प्रत्येकावर दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. शिल्पानं एक चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या हातात दिली. मराठीत होतं. एवढ्या वर्षांत ती सरकारी कागद कन्नडमध्ये भरायची, ड्रॉइंग इंग्रजीत वाचायची, पण आपल्या जॉवर मात्र तिनं मराठीतच लिहून ठेवलं होतं, आणि आता कारखान्यात ते वाचू शकणारी मी एकटी. माझं मराठी वाचन म्हणजे घरी येणाऱ्या लग्नपत्रिकांपुरतं; हे लिहिलेलंही रेवती सुधारून देणार आहे. मी अक्षर अक्षर लावत वाचत गेले आणि शिल्पा कन्नडमध्ये लिहून घेत गेली. 'डावा बोल्ट आधी.' 'ह्याला पान्हा नको, हातानंच.' 'पावसाळ्यात घट्ट होतं, तेल पूस.' 'मूर्ती सर घाई करतील, ऐकू नको.' शिल्पा हे लिहिताना खुदकन हसली. रोज दुपारी डबा खाऊन झाला की आम्ही चार-पाच चिठ्ठ्या करायचो.

सगळ्यात खालच्या कप्प्यातला एक जॉ नवा होता, कापड स्वच्छ, अक्षर मात्र थरथरतं. त्यावर लिहिलं होतं, 'हे अजून जमलं न्हाई. पाच मायक्रॉन पळतंय. सरूकडनं मोजून घेऊन परत बघणे.' शिल्पा विचारत होती, काय लिहिलंय. मी सगळं सांगितलं, यात जॉब अजून पाच मायक्रॉन जागचा हलतो हेही. तिनं तो जॉ उचलला आणि थेट यंत्राकडे गेली. तीन दिवस ती त्याच्या मागं होती. लावायची, आवळायची, सोडायची, माझ्याकडे आणायची. मी नापास करायचे आणि का नापास तेही सांगायचे. गुरुवारी चौथ्यांदा मोजलं तेव्हा एक मायक्रॉनसुद्धा पळालं नव्हतं. शिल्पानं मला पुन्हा मोजायला लावलं, मग पुन्हा एकदा. मग मी ती चिठ्ठी घेतली, आणि इंदक्काच्या अक्षराखाली, माझ्या कच्च्या मराठीत लिहिलं, 'परत बघितलं. जमलं. लावणार शिल्पा, मोजणार सरू.' जॉ पुसला, त्याच कापडात गुंडाळला, आणि कपाटात होता तिथं ठेवला.